खाऱ्या पाण्यातलं बेणं

बारामतीत समुद्र नाही, हे मला लोकांनी आयुष्यभर सांगितलं. जणू ते मला ठाऊकच नव्हतं. नाही म्हणूनच तर तो मला टेम्पोत घालून आणावा लागत होता.

नव्वदच्या दशकात बारामतीत माझं माशांच्या टाक्यांचं दुकान होतं. पाटीवर मी हौसेनं ‘मत्स्यालय’ असं लिहून घेतलं आणि पस्तावलो, कारण निम्मी गिऱ्हाइकं ताजा रोहू आहे का म्हणून विचारायला यायची. उरलेल्यांत काही जण ज्योतिषानं धाडलेले असत. इथं प्रवाळ मिळतं असं त्यांच्या कानावर गेलेलं असे आणि मंगळासाठी अंगठीत बसवायला त्यांना पोवळं हवं असे. माझा स्वभाव मुळातच तापट. मी त्यांना आत नेऊन टाकीतलं जिवंत प्रवाळ दाखवायचो आणि म्हणायचो, घाला हे बोटात. आमच्या सौ. म्हणायच्या, या माणसाच्या दुकानात पाऊल टाकायलाच धाडस लागतं. ते खरंही होतं.

पोट भरायचं ते गोल्डफिश आणि गप्पी माशांवर. जीव होता तो घराच्या मागच्या खोलीत. तिथं छपरात काचेची कौलं बसवून घेतली होती, त्याखाली खाऱ्या पाण्याच्या टाक्या होत्या आणि त्यांत मी प्रवाळ वाढवत होतो. नुसतं ठेवत नव्हतो, एकाची दोन करत होतो. पुढं कायदा आला, प्रवाळ बाळगणं बंद झालं, आणि समुद्रातून ते ओरबाडून आणणाऱ्यांकडं पाहिलं तर बंद झालं ते बरंच झालं. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. एकमेकांना चिकटून राहणाऱ्या बारक्या बारक्या प्राण्यांची ती वसाहत असते. पाण्यातला चुना घेऊन ते आपल्यापुरतं घर बांधतात, त्या घरावर पुन्हा घर, आणि त्याची फांदी होते. वरचं मांस जिवंत, आतला सांगाडा पांढरा. अशी फांदी पकडीनं तोडली, गळके नळ बुजवायची लांबी मळून कौलाच्या तुकड्यावर उभी चिकटवली आणि नीट सांभाळली, तर ती धरते आणि वाढायला लागते. मूळचं प्रवाळही आपली जखम आपण भरून काढतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा. आमच्याकडं मात्र ते एका वाक्यात कळायचं. उसाची कांडी लावतात तसं, एवढं म्हटलं की झालं. माझ्या तुकड्यांना सगळे, लावायच्या उसाला म्हणतात तसं, बेणंच म्हणायचे आणि मीही तेच म्हणायला लागलो.

पाणी कोकणातून यायचं. आठवड्याच्या बाजाराला मासळी घेऊन येणारा एक टेम्पोवाला मला कॅन भरून आणून द्यायचा. किनाऱ्याजवळचं गढूळ नको, होडी आत गेल्यावरचं हवं, यावरून आमची दर खेपेला जुंपायची. चुना घरचाच. कळीचा चुना भिजवायचा, खाली बसला की वरची निवळी काढायची आणि दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाइनच्या नळीतून ती थेंब थेंब टाकीत सोडायची. हा प्रवाळाचा खुराक. वीज गेली की पंप बंद, मग आम्ही नवरा-बायको आळीपाळीनं प्लॅस्टिकच्या मगानं पाणी उपसून परत त्याच टाकीत ओतत बसायचो. शेजाऱ्यांनी आमच्याबद्दल काय मत करून घेतलं असेल ते असो. आणि एक पथ्य होतं, ते मी प्रत्येक गिऱ्हाइकाला घसा फोडून सांगायचो. तांबं टाकीच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. तांब्याची कळशी नाही, घागर नाही, तारेचा तुकडासुद्धा नाही. मासा एखादवेळ तगेल, प्रवाळ तगत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असत. इंदापूरकडचे एक तात्या एकदा कॅन घेऊन दुकानात आले. म्हणाले, कोकणापत्तुर कशाला जाताय, आमच्या हिरीचं पाणी खारंच हाय, हवं तेवढं न्या. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं पाजून त्यांचं रान चोपण झालं होतं, जमिनीवर पांढरा थर यायचा. मी त्यांना सांगितलं की ते मीठ वेगळं आणि समुद्राचं वेगळं, शिवाय तुमच्या पाण्यात खतं उतरलेली आहेत. त्यांना पटलं नाही. माझ्याकडून एक समुद्री मासा ते हट्टानं घेऊन गेले आणि पुढच्या बाजारी तोच मासा ओल्या फडक्यात गुंडाळून परत घेऊन आले. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी तेच म्हणाले, "मला वाटलं, ह्या पाण्याचा कुणाच्या तरी जिवाला उपेग व्हावा." मला रागावताच आलं नाही. मी त्यांना चहा पाजला आणि मासा मागच्या अंगणात पुरला.

पण मला सांगायचं आहे ते मिलिंदच्या प्रवाळाबद्दल. हा धंदा करून मी काय कमावलं आणि काय गमावलं असं कुणी विचारलं, तर मला तेवढं एकच आठवतं.

मिलिंद मला पहिल्यांदा दिसला तो थर्माकोलचा डबा छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर उभा असलेला. वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेला, आयटीआय झालेला, आणि तिकडं तुतिकोरिनला एका मालवाहू बार्जवर इंजिनाच्या कामाला लागलेला. सुट्टीवर येताना त्यानं तिथल्या एका पाणबुड्याकडून प्रवाळाची फांदी घेतली होती. पिशवीत पाणी, वर फुगवलेली हवा, अशी ती रेल्वेनं दौंडपर्यंत आणि पुढं एसटीनं आली होती. तो म्हणाला, "आईला समुद्र दाखवायचाय. ती काय तितं येत न्हाय, म्हणून हितं आणला." मी झाकण उघडून पाहिलं. जीव होता, पण जायच्या बेतात होता. मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि फांदी माझ्या टाकीत सोडली. तो हसत उभा राहिला. मला तो तिथंच आवडला.

त्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या क्वार्टरमध्ये टाकी लावली, पूर्वेच्या खिडकीपाशी. कॉलनीत वीज आमच्यापेक्षा बरी असायची, त्यामुळं तिथं प्रवाळ माझ्या घरच्यापेक्षा सुखात राहणार होतं. मिलिंदचे वडील किसनराव कारखान्यात टर्नर होते. शिवाय लासुर्ण्याला त्यांचं जुनं घर आणि थोडं रान होतं, त्यात डाळिंब. कामावरून आले की सायकलीला टांग मारून रानात. बोलणं कमी आणि हात सतत कशात तरी गुंतलेले. आई अनुसयाबाई. तांब्याचं पथ्य सांगितल्यावर किसनरावांनी दुसऱ्याच दिवशी घरातली तांब्याची कळशी आणि घागर उचलून लासुर्ण्याला नेऊन ठेवली. निवळी कशी काढायची ते मिलिंदनं त्यांना शिकवलं. संध्याकाळी प्रवाळाची बारीक बारीक तोंडं बाहेर आली आणि फांदीवर लव उगवल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा अनुसयाबाई काचेपाशी आल्या आणि हे जेवतं काय, असं त्यांनी मुलाला विचारलं. मग तो कामावर परत गेला.

पावसाळा सरता सरता त्याची बार्ज वादळात सापडून बुडाली. काही जण पोहून किनाऱ्याला लागले. काहींची प्रेतं सापडली. मिलिंद कशातच नव्हता. किसनराव तिकडं जाऊन त्याची पत्र्याची पेटी घेऊन परत आले.

मी भेटायला गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि अनुसयाबाई टाकीपुढं बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. बौद्ध घरांत माणूस गेल्यावर जलदानाचा विधी करतात. घरच्यांनी लोट्यातलं पाणी वाटीत ओतत राहायचं, वाटी भरून वाहेपर्यंत. गेलेल्यापर्यंत ते पोचतं असा त्यामागचा भाव. त्याची तारीख ठरवायला भाऊबंद आले होते. अनुसयाबाईंनी कुणालाच दाद दिली नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "सापडला न्हाय म्हंजे गेला न्हाय. त्यानं आणल्यालं हे जितं हाय तवर मी पाणी द्यायची न्हाय."

भाऊबंद उठून गेले. किसनराव खाली मान घालून सलाइनच्या नळीतले थेंब बघत राहिले.

त्या दिवसापासून माझं काम बदललं. आजवर एखादं प्रवाळ गेलं की मी हळहळायचो, बायकोवर उगाच डाफरायचो आणि पुढच्याला लागायचो. आता दर रविवारी स्कूटर काढून वालचंदनगरला जायचं. दारातून आधी टाकीकडं नजर टाकायची. फांद्या तपकिरी-गुलाबी दिसल्या की मगच चपला काढायच्या. मला भीती वाटायची, साधी सरळ भीती. एका आईचा मुलगा आहे की नाही, हे माझ्या हातातल्या एका काचेच्या टाकीवर येऊन ठेपलं होतं आणि तसं व्हावं म्हणून मी कुणाकडं अर्ज केला नव्हता.

प्रवाळ मात्र जोमात होतं. बघता बघता वर्षं गेली, एका फांदीचं झुडूप झालं. अनुसयाबाई त्याच्याशी बोलायच्या नाहीत, हात जोडायच्या नाहीत, तसलं काही नव्हतं. त्या फक्त संध्याकाळी समोर बसून ते फुललं की नाही ते बघायच्या आणि फुललं की स्वयंपाकाला उठायच्या.

मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतो की एक फांदी मला तोडून नेऊ द्या. आमच्या कामाचा हा पहिला नियम आहे. जे प्रवाळ जपायचं, त्याचा एक तुकडा दुसऱ्या घरात, दुसऱ्या पाण्यात ठेवायचा. एक टाकी बिघडली तरी सगळं जात नाही. त्या ऐकायला तयार नव्हत्या. जित्याला मोडायचं नाही, म्हणायच्या. एका उन्हाळ्यात दोन-तीन शेंडे फिके पडले आणि माझा तोल सुटला. मी म्हणालो, उद्या हे गेलं तर मी काय करू, तुम्हाला तोंड कसं दाखवू. त्यावर पहिल्यांदाच किसनराव मधे बोलले. त्यांनी बायकोला समजावलं की आपण ऊस लावतो तेव्हा बेणं वेगळ्या रानात राखतोच की, मळ्याला रोग आला तरी बेणं राहतं. रानातली बाई होती, तिला ते पटलं. मी पकड लावली तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. कट्ट आवाज झाला. तोडल्या जागी पांढरी शुभ्र जखम दिसत होती. ती आपोआप भरेल, असं सांगून मी फांदी कॅनमध्ये घातली आणि बारामतीला घेऊन आलो.

चार-आठ दिवस गेले असतील. शेजारच्या फोनबूथवाल्यानं मला हाक मारली. पलीकडून किसनराव होते. पाणी दुधागत झालंय आणि वास सुटलाय, एवढंच ते बोलले.

मी पोचलो तेव्हा पाण्यातलं काही दिसत नव्हतं. हात घालून मी झुडूप वर काढलं. मांस चिकट होऊन बोटांवरून ओघळत होतं आणि खालचा सांगाडा उघडा पडत होता. मी प्रवाळ मरताना खूप पाहिलेलं आहे, पण इतक्या झपाट्यानं नाही. आणि मग मला तोडलेली जागा दिसली. तिच्यावर निळसर पांढरा लेप होता.

तो रंग आमच्या भागात कुणीही ओळखेल. डाळिंबाची छाटणी झाली की प्रत्येक कापावर तो लावतात. बोर्डो पेस्ट. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून करतात. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. अनुसयाबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मला काही बोलवेना. मी किसनरावांना खुणेनं बाहेर नळापाशी नेलं आणि विचारलं. त्यांनी लपवलं नाही.

"जखम उघडी ठिवली की कीड शिरती," ते म्हणाले. "झाडाला लावतो तसं लावलं. चुना तर तुमी बी घालताच की त्याला."

त्यांनी झुडूप पाण्याबाहेर काढून कापाची जागा फडक्यानं टिपली होती, ब्रशनं लेप दिला होता, सावलीत सुकवला होता आणि मग ते परत पाण्यात ठेवलं होतं. रानातला माणूस ज्याला जगवायचं त्याच्यासाठी जे जे करतो ते सगळं. तांब्याची भांडी ज्यानं घराबाहेर काढली त्याच माणसानं आपल्या हातानं तांबं टाकीत घातलं होतं. मोरचुदात तांबं असतं हे आमच्याकडं कुणाच्या ध्यानीमनी नसतं, ते फवारायचं औषध असतं, बस्स. मी भांड्यांचं सांगितलं होतं. डाळिंबांचं सांगावं असं मला कधी सुचलं नाही.

मोरचूद म्हणजे तांबंच, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी नळ सोडला, हात धुतले, बराच वेळ धूत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक मागतो तुमच्याकडं. तुमच्याकडचं बेणं बी गेलं म्हणून सांगा तिला. सुटू द्या एकदाची."

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला या माणसाचा संशय आला. भाऊबंदांनी जलदानाचा विषय काढला की तो कधी नको म्हणत नसे, हे मी पाहिलेलं होतं. वर्षानुवर्षं मेलेल्या पोराला जिवंत धरून जगणाऱ्या बाईबरोबर राहायचं म्हणजे काय, हे त्याचं त्याला ठाऊक. मी तसाच आत गेलो.

अनुसयाबाईंनीही तो लेप ओळखला होता. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. त्यांचा आवाज अगदी शांत होता, मला त्याचीच धास्ती वाटली. त्या म्हणाल्या, "ह्यांनी मुद्दाम केलं का? तुमाला त्यातलं कळतंय. तुमी सांगा."

मागं किसनराव दारात येऊन उभे राहिले होते. या एका उत्तरावर त्या दोघांचं उरलेलं आयुष्य अवलंबून होतं आणि मला ते उत्तर माहीत नव्हतं. म्हणून मी झुडूप पुन्हा हातात घेतलं आणि तो लेप नीट पाहिला. पाहिला तसा त्यांच्यापुढं धरला. लेप फक्त कापावर होता. पातळ, सारखा, कडेनं ब्रश गोल फिरवून घेतलेला. शेजारच्या जिवंत फांदीवर त्याचा एक शिंतोडा नव्हता. मारायचं असतं तर कुणी एवढं जपून लावलं नसतं, असं मी म्हणालो.

त्यांनी लेपावरून अंगठा फिरवला. छाटणीच्या दिवसांत त्या स्वतः किसनरावांबरोबर रानात असायच्या, त्यांच्या मागोमाग डबा धरून. त्यांनी कडेची ती गोल रेघ पुन्हा पुन्हा चाचपली. "असंच लावत्यात," त्या म्हणाल्या. "नेमकं." आणि नवऱ्याकडं बघून त्यांनी त्याला पाणी आणायला सांगितलं. किती दिवसांनी त्या त्याच्याशी सरळ बोलल्या होत्या कोण जाणे. त्यानं पाणी आणून दिलं. त्या प्यायल्या.

मग त्यांनी विचारलं, "आन् तुमच्याकडचं?"

किसनराव माझ्याकडं बघत होते. मी आयुष्यात गिऱ्हाइकांशी काही कमी खोटं बोललेलो नाही, पण बेण्याबद्दल मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणालो, "जिवंत आहे. धरलंय." किसनराव वळून बाहेर गेले.

मी घाईघाईनं पुढं सांगायला लागलो की ही टाकी आता बाद झाली, काचेत, वाळूत तांबं मुरलंय, पण मी नवी लावून देतो, फांदी परत आणून देतो, ती हीच आहे, वेगळी नाही. अनुसयाबाईंनी मला हातानं थांबवलं. झुडूप मांडीवर घेतलं. त्यांच्या धुऊन धुऊन पांढुरक्या पडलेल्या लुगड्यावर तो पांढरा सांगाडा नीट दिसतही नव्हता.

"नगं. हितं नका आणू," त्या म्हणाल्या. "तितंच ऱ्हाऊ द्या. जितं हाय तर असंल कुठंतरी." मग सांगाड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माज्या घरातला त्यो गेला. तेवढ्याला पाणी देते."

मी बाहेर आलो तर किसनराव सायकल धरून उभे होते, कुठं जायचं ते न सुचल्यासारखे. त्या जलदानाला तयार आहेत, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि तिथंच बसून ते रडले. मुलगा गेल्यापासून तो माणूस रडलेला मी पाहिला नव्हता.

विधी लासुर्ण्याला झाला. अनुसयाबाईंनी मला निरोप धाडला होता की येताना समुद्राचं पाणी घेऊन या. मी आणि आमच्या सौ. एक कॅन घेऊन गेलो. अंगणात पांढरं कापड अंथरलेलं, मेणबत्त्या लावलेल्या, माणसं बसलेली. विधी सांगायला आलेले बौद्धाचार्य वयस्कर होते. त्यांनी विचारलं की नेहमीचं पाणी का नको. अनुसयाबाई म्हणाल्या, "त्यो खाऱ्या पाण्यात हाय. गोडं त्याच्यापत्तुर कसं जायचं?" बौद्धाचार्यांनी मान डोलावली आणि त्रिसरण सुरू केलं.

लोटा भरायला घरातून कळशी आणली. तांब्याची होती. टाकीपायी किसनरावांनी इथं आणून ठेवलेली तीच. माझं खारं पाणी त्या कळशीत ओतायला कुणीतरी पुढं झालं आणि माझा हात सवयीनं पुढं गेला, नको म्हणायला. सौंनी माझ्याकडं पाहिलं. मी हात मागं घेतला.

अनुसयाबाईंनी लोटा धरला. किसनरावांनी खालून आधार दिला. पाणी वाटीत पडत राहिलं, वाटी भरली, पाणी काठावरून वाहिलं, खालच्या शेणानं सारवलेल्या जमिनीत मुरलं. बौद्धाचार्य थांबले तरी त्या ओतत होत्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. लोटा रिकामा झाला तेव्हाच त्यांनी तो खाली ठेवला.

पुढं काही महिन्यांनी, एका बाजाराच्या दिवशी, त्या एकट्या एसटीनं बारामतीला आल्या. दुकान कधी पाहिलेलं नव्हतं, विचारत विचारत आल्या. मी त्यांना घरी मागच्या खोलीत नेलं. पालथ्या घातलेल्या कॅनवर त्या बसल्या आणि बेण्याकडं पाहत राहिल्या. त्याला दोन फाटे फुटले होते आणि ते फुललेलं होतं. चहा नको म्हणाल्या. जायला उठल्यावर त्यांनी विचारलं की याचं बेणं दुसऱ्या कुणाला देता का. मी म्हणालो, याचं नाही दिलं, हे तुमचं आहे.

"देत ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "एकट्यानं हितं कोपऱ्यात काय करायचं त्यानं. पर कुणाला दिलं ते मला सांगू नका."

मी त्यांना स्टँडवर सोडून आलो. त्यानंतर त्यांनी त्या प्रवाळाचा विषय कधी काढला नाही, आणि मीही नाही.

सांगितल्याप्रमाणं मी बेणं देत राहिलो. कुणाला दिलं ते इथंही लिहीत नाही. पुढं एका वाईट उन्हाळ्यात वीज गेली ती गेलीच. आम्ही दोघं प्लॅस्टिकचे मग घेऊन पाणी ढवळत राहिलो, पण पाणी तापलं होतं, नुसतं ढवळून काय होणार. मागच्या खोलीतलं सगळं गेलं, त्यात तेही गेलं. मी काचेची कौलं काढून मातीची बसवून घेतली. सौंनी त्या खोलीत धान्य भरायला सुरुवात केली आणि मी हरकत घेतली नाही.

ज्यांना बेणं दिलं होतं त्यांच्यातल्या कुणाची बदली झाली, कुणी टाकी मोडली. कुणी आणखी कुणाला फांदी दिल्याचं माझ्या कानावर आलं, पण त्या माणसाचा पत्ता मला माहीत नव्हता. कायदा आल्यावर तर ज्याच्याकडं असेल तोही सांगणार नाही. अजूनही ओळखीचं कुणी भेटलं की विचारतं, त्या बाईचं प्रवाळ कुठं आहे का हो. मी शोधून पाहिलं, मला सापडलं नाही. गेलं असं मात्र माझ्या तोंडून निघत नाही.